तुझं ३४.६ चुकलेलं नाही

पत्र: मॅडम, मी अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, विज्ञानात चांगले मार्क असायचे. आता सगळं इंग्लिशमधून आहे. ‘मोशन इन अ प्लेन’ या धड्यातला प्रोजेक्टाइलचा, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या गतीचा, भाग मला अजिबात जमत नाही. उड्डाणकाल, जास्तीत जास्त उंची, पल्ला, मार्गाचं समीकरण, सगळी सूत्रं पाठ आहेत. पण गणित समोर आलं की कुठलं लावायचं तेच सुचत नाही. परवा क्लासच्या टेस्टमध्ये होतं: १५ मीटर उंच गच्चीच्या कडेवरून एक चेंडू सेकंदाला २० मीटर वेगानं, आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करून वर फेकला. तो इमारतीपासून किती दूर जमिनीवर पडेल? जी, म्हणजे गुरुत्वत्वरण, १० घ्यायचा. मी पल्ल्याचं सूत्र लावलं, ३४.६ मीटर आलं. उत्तर ५२ आहे. सर म्हणाले, सूत्रं नीट पाठ कर. मी पाठच केली आहेत. अजून एक विचारायचंय, कृपया हसू नका. चेंडू हातातून सुटल्यावर त्याला पुढे कोण ढकलतं? बाबा म्हणतात, झेपत नसेल तर आत्ताच कॉमर्सला जा. जाऊ का?

उत्तर:

तुझं पत्र वाचलं आणि आधी कागद घेऊन तुझं ३४.६ पडताळून पाहिलं. वीसाचा वर्ग ४००, दुप्पट कोन म्हणजे ६० अंश, त्याची साइन ०.८६६, गुणाकाराला १० ने भागलं की ३४.६. आकडेमोडीत कुठेही चूक नाही.

आता एक कर. वहीच्या पानावर डावीकडे इमारत काढ, गच्चीच्या कडेपासून चेंडूचा मार्ग काढ. चेंडू थोडा वर जाईल, वळेल, खाली येईल. खाली येताना एका जागी तो पुन्हा गच्चीच्याच उंचीवर असेल. तिथे एक टिंब दे. ते टिंब इमारतीपासून ३४.६ मीटरवर आहे. चेंडू मात्र तिथे थांबलेला नाही, त्याच्याखाली अजून १५ मीटर मोकळी हवा आहे. ती ओलांडता ओलांडता तो आणखी १७ मीटर पुढे जातो आणि मग जमिनीला टेकतो.

म्हणजे तुझं उत्तर बरोबर आहे, प्रश्न मात्र दुसरा होता. पल्ल्याचं ते सूत्र तयार करतानाच एक गोष्ट गृहीत धरलेली असते: जिथून फेकलं त्याच पातळीवर वस्तू परत आली. पुस्तकात ते एका ओळीत लिहिलेलं असतं आणि पाठ करताना नेमकी तीच ओळ गळते. उड्डाणकालाच्या सूत्राचंही तसंच. म्हणून मी तुला सूत्रं आणखी पाठ करायला सांगणार नाही. उलट पुढचे पंधरा दिवस ती चारही सूत्रं बाजूला ठेव.

मग गणित सोडवायचं कशानं? तुझ्याकडे आधीपासून जे आहे त्यानं. नववीला ‘गतीचे नियम’ या धड्यात गतीची तीन समीकरणं शिकलीस. दहावीला ‘गुरुत्वाकर्षण’ धड्यात मुक्त पतन शिकलीस, सरळ वर फेकलेल्या दगडाची गणितं सोडवलीस. गणितात त्रिकोणमिती झाली, वर्गसमीकरणं झाली. प्रोजेक्टाइलला याच्यापलीकडचं काहीही लागत नाही, आणि हे सगळं तू मराठीत, समजून शिकलेली आहेस. भाषा बदलली म्हणून ते पुसलं गेलेलं नाही.

या सगळ्या गणितांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. चेंडूची आडवी गती आणि उभी गती एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत. आडव्या दिशेनं तो एकसमान वेगानं चालतो, रुळावरून गाडी चालावी तसा. उभ्या दिशेनं तो दहावीतल्या त्या वर फेकलेल्या दगडासारखा वागतो. दोघींमध्ये समाईक काय, तर घड्याळ. उभ्या गतीला जेवढे सेकंद मिळाले तेवढेच आडवीला मिळाले. एवढंच.

यावर विश्वास बसायला हवा, आणि तो माझ्या सांगण्यानं बसणार नाही. म्हणून उठ आणि दोन नाणी घे. एक टेबलाच्या अगदी कडेला ठेव, दुसरं तिथेच कडेबाहेर बोटांत धर. पट्टीनं पहिल्या नाण्याला आडवी टिचकी मार आणि त्याच क्षणी बोटांतलं नाणं सोडून दे. टिचकीचं नाणं दूर खोलीत जाऊन पडेल, सोडलेलं टेबलाच्या पायाशी पडेल. पण डोळे मीट आणि कान दे. फरशीवर आवाज एकच येतो. हात बसायला चार-पाच खेपा लागतात, पण एकदा तो एकच ‘टण्ण’ ऐकलास की विसरणार नाहीस. टेबल ८० सेंटिमीटर उंच असेल तर दोन्ही नाण्यांना खाली यायला साधारण ०.४ सेकंद लागतो. टिचकी कितीही जोरात मारलीस तरी ०.४ चा ०.३ होत नाही. वाढतं ते फक्त आडवं अंतर.

आता तुझं गणित. पानाच्या मधोमध उभी रेघ मार. डावीकडे लिही ‘आडवं’, उजवीकडे ‘उभं’. फेकण्याची जागा म्हणजे शून्य, आणि वरची दिशा धन. हे प्रत्येक वेळी शब्दांत लिही, मनात ठेवू नकोस.

आडव्या रकान्यात: सुरुवातीचा वेग २० गुणिले कॉस ३०, म्हणजे १७.३. त्वरण शून्य. अंतर माहीत नाही, तेच काढायचंय. काळ माहीत नाही.

उभ्या रकान्यात: सुरुवातीचा वेग २० गुणिले साइन ३०, म्हणजे १०, वरच्या दिशेनं, म्हणून धन. त्वरण १०, खालच्या दिशेनं, म्हणून ऋण. विस्थापन १५, खालच्या दिशेनं, म्हणून ऋण. काळ माहीत नाही.

नुसत्या रकान्यांकडे बघ. डावीकडे दोन गोष्टी अज्ञात आहेत, उजवीकडे एकच. म्हणजे सुरुवात उजवीकडून करायची. ‘कुठलं सूत्र लावू’ या तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आपोआप मिळतं. ज्या रकान्यात एकच गोष्ट अडलेली आहे, तिथून आत शिरायचं, काळ काढायचा, आणि तो काळ दुसऱ्या रकान्यात न्यायचा.

विस्थापनाचं समीकरण, नववीतलं (टी म्हणजे काळ): उणे १५ = १० टी − ५ टी वर्ग. पाचानं भागून एका बाजूला आण: टी वर्ग − २ टी − ३ = ०. अवयव पाड: (टी − ३)(टी + १) = ०. टी म्हणजे ३ किंवा उणे १. आपल्याला ३ सेकंद हवेत. आता डावीकडे जा: १७.३ गुणिले ३, म्हणजे जवळपास ५२ मीटर. झालं.

पण पान उलटू नकोस, कारण खरी गंमत अजून पानावरच आहे. तीन सेकंद खरे की नाही ते तोंडी तपासता येतं. वरचा वेग १० होता, दर सेकंदाला १० नं कमी होणार, म्हणजे एका सेकंदात चेंडू माथ्यावर. तेवढ्यात तो ५ मीटर चढला. आता जमिनीपासून २० मीटरवर आहे. २० मीटर पडायला २ सेकंद. एक आणि दोन, तीन. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचे की समीकरणानं आलेलं उत्तर एकदा गोष्टीसारखं सांगून बघा. वर गेला, थांबला, पडला, असं सांगताना कुठे खोट असेल तर जीभ अडखळते.

(माथ्यावर ‘थांबला’ म्हणताना सांभाळ. थांबते ती फक्त उभी गती. आडवा १७.३ तिथेही शाबूत असतो. आणि त्वरण तर एका क्षणालाही शून्य होत नाही, माथ्यावरही ते खालच्या दिशेनं १० च असतं. बहुपर्यायी प्रश्नांत यावर हमखास एक प्रश्न असतो आणि हुशार मुलं तिथे घसरतात.)

उणे एक सेकंदाचं काय? बहुतेक जण ‘काळ ऋण नसतो’ म्हणून खोडून टाकतात. खोडायला हरकत नाही, पण तो काय सांगतोय ते ऐक. समज, गच्ची नाहीच. कुणीतरी जमिनीवरूनच चेंडू असा फेकला की तो त्या जागी, त्याच वेगानं, त्याच कोनात पोचेल. तर तो एक सेकंद आधी फेकावा लागला असता. त्या क्षणी उभा वेग २० वर, आणि टी ३ ला, जमिनीवर आदळताना, उभा वेग २० खाली. दोन्ही टोकं कशी जुळली बघ. गच्ची ही त्या अन्वस्त, म्हणजे पॅराबोलाच्या, मार्गावरची मधली एक जागा आहे, एवढंच. निसर्गाला इमारत दिसतच नाही.

तू चिन्हांबद्दल लिहिलं नाहीस, पण पुढच्याच गणितात ती आडवी येतील, म्हणून आत्ताच. ‘मॅडम, जी ऋण घ्यायचा की धन?’ हा प्रश्न मला इतक्या वर्षांत सर्वाधिक वेळा विचारला गेला. जी हा फक्त आकडा, १० किंवा ९.८. तो नेहमी धन. चिन्ह असतं ते त्वरणाला, आणि ते तू ठरवलेल्या दिशेवर अवलंबून. तू वरची दिशा धन म्हणालीस तर त्वरण ऋण, चेंडू वर जात असो की खाली येत असो. अर्ध्या वाटेत चिन्ह बदलायचं नाही.

चुकीच्या चिन्हानं काय होतं तेही बघून ठेव. विस्थापन चुकून अधिक १५ घेतलंस, तर टी वर्ग − २ टी + ३ = ० असं समीकरण येतं. त्याचा विवेचक काढ: ४ वजा १२, म्हणजे उणे ८. वर्गमूळ निघत नाही. बरेच जण इथे घाबरून पेन ठेवतात. पण ते समीकरण तुला खरं तेच सांगतंय. तू विचारलंस, चेंडू गच्चीच्या वर १५ मीटरला कधी पोचेल? ते म्हणालं, कधीच नाही, तो पाचच मीटर चढतो. आता दुसरी चूक. विस्थापन आणि त्वरण दोन्ही खाली म्हणून धन घेतलीस आणि सुरुवातीचा वेगही धनच ठेवलास, तर टी वर्ग + २ टी − ३ = ० येतं, आणि उत्तर १ सेकंद. ही चूक जास्त फसवी, कारण उत्तर छान पूर्णांकात येतं. तो एक सेकंद कुणाचा? त्याच वेगानं खालच्या दिशेला फेकलेल्या चेंडूचा. वेगाचं चिन्ह बदललं, तर चेंडूची कहाणीच बदलली.

शेवटी ऊर्जेनं पडताळ. जमिनीला टेकताना आडवा वेग १७.३, उभा २०. वर्गांची बेरीज ३०० अधिक ४००, म्हणजे ७००. ऊर्जेच्या हिशेबानं वेगाचा वर्ग असायला हवा ४०० अधिक दोन गुणिले १० गुणिले १५, म्हणजे ७००. जुळलं. परीक्षेत अर्धा मिनिट उरला तर हा पडताळा कर, यात कोन लागत नाही, काळ लागत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, ज्यावर हसू नका म्हणालीस. तुझ्या पत्रातला सर्वांत चांगला प्रश्न तोच आहे. माणसाला त्याचं उत्तर मिळायला दोन हजार वर्षं लागली.

अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं होतं की फेकलेल्या वस्तूला भोवतालची हवाच पुढे ढकलत नेते. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये ब्यूरिडान म्हणाला की फेकणारा वस्तूत एक प्रकारचा जोर भरतो. पुढे तोच विचार धरून लोक म्हणत की हा जोर संपेपर्यंत वस्तू सरळ जाते आणि संपला की खाली पडते. इटलीतल्या तार्तालियानं १५३७ साली तोफगोळ्यांवर पुस्तक लिहिलं, त्यातला गोळ्याचा मार्ग बघशील तर आधी सरळ रेघ, मग छोटं वळण, मग धाडकन सरळ खाली. तुझ्या मनात जे चित्र असेल तेच. गंमत म्हणजे ४५ अंशांत गोळा सर्वांत लांब जातो हे त्यानं तरीही बरोबर सांगितलं. मार्ग अन्वस्त असतो, आडवी गती तशीच राहते आणि उभी गती पडणाऱ्या वस्तूसारखी बदलते, हे सिद्ध करून छापलं गॅलिलिओनं, १६३८ साली. तेव्हा तो नजरकैदेत होता, पुस्तक छापलं गेलं हॉलंडमधल्या लायडनला.

तर उत्तर असं: पुढे कोणीच ढकलत नाही. ढकलण्याची गरजच नाही. गती टिकवायला बल लागत नाही, बल लागतं ती बदलायला. नववीत जडत्व शिकलीस, ते हेच.

मला हे पुस्तकाच्या आधी आजोबांच्या शेतात दिसलं होतं, कळलं मात्र पुष्कळ नंतर. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं उठवायला ते माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायचे. दोन-तीन गरगर फेरे, मग एक दोरी सोडली की दगड सूं करत शेताच्या दुसऱ्या टोकाला. दगड तिकडे ज्वारीवरून चाललेला असायचा आणि गोफण इकडे आजोबांच्या हातात लोंबत असायची. दगडाला आता ना गोफणीचा स्पर्श, ना हाताचा. त्याच्यावर उरलेलं बल एकच, त्याचं वजन, सरळ खाली. आकृती काढताना उडणाऱ्या चेंडूवर तू पुढच्या दिशेनं एक बाण काढत असशील, तर तो आजपासून बंद. वेगाचा बाण काढ, पण तो बलाचा म्हणून नको. खऱ्या दगडाला हवेचा अडथळा असतो, तो मागे ओढतो. अकरावीच्या गणितांत तो सोडून देतात, आणि तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

इंग्लिशचं सांगते. तुझ्यासारख्या मुलांचं गणित बहुधा भौतिकशास्त्रात अडत नाही, वाक्यात अडतं. या धड्यातले अडणारे शब्दप्रयोग डझनभरसुद्धा नाहीत. ‘प्रोजेक्टेड हॉरिझॉन्टली’ दिसलं की उभ्या रकान्यात सुरुवातीचा वेग शून्य लिहायचा. ‘जस्ट क्लिअर्स द वॉल’ म्हणजे आडवं अंतर भिंतीपर्यंतचं असेल त्या क्षणी उभी उंची भिंतीएवढी. इथे आडव्या रकान्यात एकच अज्ञात असतं, म्हणून काळ तिथून काढायचा आणि उभ्यात न्यायचा, आपल्या गणिताच्या उलट. ‘स्ट्राइक्स द ग्राउंड’ म्हणजे जमिनीला टेकण्याआधीचा क्षण. ‘अ‍ॅट द हायेस्ट पॉइंट’ म्हणजे उभा वेग शून्य, आडवा नाही.

सर्वांत फसवा शब्द ‘ड्रॉप्ड’. गच्चीवरून ड्रॉप्ड असेल तर सुरुवातीचा वेग शून्य. पण आडव्या उडणाऱ्या विमानातून ड्रॉप्ड असेल तर? विमानात बसलेल्याच्या हातातून पाकीट नुसतं सुटलं, पण जमिनीवरून पाहणाऱ्याला त्या पाकिटाकडे विमानाचा वेग आहेच. विमान ५०० मीटर उंचीवर, सेकंदाला ५० मीटर वेगानं जात असेल, तर पाकीट पडायला १० सेकंद लागतील आणि ते ५०० मीटर पुढे पडेल. म्हणून पूरग्रस्तांच्या डोक्यावर आल्यावर सोडून चालत नाही, अर्धा किलोमीटर अलीकडेच सोडावं लागतं. हेलिकॉप्टर हवेत एका जागी स्थिर असेल तर ही भानगड नाही. गणित वाचलं की आधी ते मराठीत स्वतःला सांग, मोठ्यानं, मैत्रिणीला सांगावं तसं. कोणी फेकलं, कुठून, कुठल्या दिशेला, शेवटी ते कुठे होतं. मग रकाने भर. सुरुवातीला एका गणिताला दहा मिनिटं लागतील. लागू देत.

कोनाचीही एक खबरदारी घे. ‘आडव्याला कॉस, उभ्याला साइन’ हे पाठ करू नकोस. कोन कुठल्या रेषेपासून मोजलाय ते बघ, कोनाला चिकटून असलेल्या घटकाला कॉस. गणितात कोन उभ्या रेषेशी दिला असेल तर दोन्ही उलट होतात. आणि ३७ अंश दिसले तर लॉग टेबल उघडायच्या आधी ३-४-५ चा त्रिकोण आठव: साइन जवळजवळ ०.६, कॉस ०.८.

चार सूत्रांचं मग काय करायचं? पंधरा दिवसांनी एके दिवशी बस आणि आकड्यांच्या जागी अक्षरं ठेवून तीच दोन रकान्यांची रीत कर. उभं विस्थापन शून्य घे, म्हणजे परत त्याच पातळीवर. उड्डाणकाल येईल. तो आडव्या रकान्यात ने, पल्ला येईल. स्वतः काढलेलं सूत्र कुठे लागतं आणि कुठे नाही हे तुला कुणी सांगावं लागणार नाही. मग घाईच्या वेळी ते खुशाल वापर. एमएचटी-सीईटीसारख्या परीक्षेत वेळ कमी असतो, तिथे सूत्रं लागतातच, त्यांच्याशी माझं वैर नाही.

त्यात एक सुंदर गोष्टही दिसेल. ३० आणि ६० अंशांचा पल्ला सारखाच येतो. २० च्या वेगानं दोन्हीकडे ३४.६ मीटर. पण ३० अंशांत चेंडू २ सेकंदांत पोचतो आणि ६० अंशांत जवळपास साडेतीन सेकंदांत. सीमारेषेवरून थ्रो करणारा क्षेत्ररक्षक उंच झुलता चेंडू न टाकता सपाट का फेकतो, ते यात आहे. गॅलिलिओनंही ४५ च्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावरच्या कोनांचा पल्ला सारखा असतो हे त्याच पुस्तकात सिद्ध केलं होतं.

कॉमर्सचं. तुला हिशेब, व्यापार, अर्थशास्त्र आवडत असेल तर जरूर जा, त्यात कमीपणा काही नाही, आणि मग हे पत्र मध्ये आणू नकोस. पण एका धड्यातल्या एका प्रकारच्या गणितामुळे जात असशील, तर मी नको म्हणेन, आणि बाबांनाही हे सांग. ज्या मुलीला ‘चेंडूला पुढे कोण ढकलतं’ हा प्रश्न पडतो, तिला हा विषय झेपत नाही असं मला वाटत नाही. ती चुकीच्या जागी जोर लावतेय, इतकंच. बाबांना ते ३४.६ वालं चित्र काढून दाखव. त्यांना भौतिकशास्त्र येत नसलं तरी टिंब कुठे आणि जमीन कुठे ते दिसेल. सरांनाही विचार, पण प्रश्न बदलून. ‘कुठलं सूत्र लावू’ असं न विचारता ‘हे सूत्र इथे का लागत नाही’ असं विचार. चांगल्या शिक्षकाला या प्रश्नाचा आनंद होतो.

आता तुझ्यासाठी एक गणित. तीच गच्ची, १५ मीटर. तोच वेग, २०. फक्त कोन ३० च्या जागी ४५ कर आणि चेंडू किती दूर पडतो ते दोन रकान्यांनी काढ. या वेळी अवयव पडणार नाहीत, वर्गसमीकरणाचं सूत्र लावावं लागेल. सगळे म्हणतात ४५ ला सर्वांत लांब जातो, म्हणजे ५२ पेक्षा जास्त यायला हवं. माझ्या कागदावर ५१.६ आलंय. मी दोनदा तपासलं. ते कमी का आलं याचा विचार करताना पल्ल्याच्या सूत्रातली ती गळलेली ओळ पुन्हा आठव, आणि गोळाफेक करणारे खेळाडू गोळा खांद्याच्याही वरून, ४५ पेक्षा कमी कोनात का सोडतात तेही बघ. नंतर ३७ अंश घेऊन पाहा. तुझं उत्तर आणि तुला सुचलेलं कारण, दोन्ही मला लिहून पाठव. कारण चुकलं तरी पाठव.